गाडी बंद पडली, सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही

वीस-पंचवीस वर्षांच्या मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो विदर्भात अजून रोजच्या कामाला आहेत. कुणाची वावरात जाते, कुणाची फक्त लग्नसराईत कोठ्याबाहेर निघते, कुणी नोकरी लागल्या लागल्या पहिली गाडी म्हणून साठ-सत्तर हजारांत घेतलेली असते. अशी गाडी घेतली की पहिल्याच एप्रिल-मेमध्ये एक अनुभव ठरलेला. चालती गाडी बंद पडते, सेल्फ (चावीने इंजिन फिरवणारी मोटर) फिरतो, इंजिन काही पकडत नाही. अर्धा-पाऊण तास बाभळीखाली बसावं, तर तीच गाडी एका सेल्फमध्ये चालू! मग तालुक्याच्या गॅरेजात नेली की मिस्त्री चार वेळा चालू-बंद करून म्हणतो, "इले तं काहीच नाही झालं भाऊ."

त्याचंही खरं असतं. त्याच्यासमोर उभी असते ती थंड आणि धडधाकट गाडी. दोष दिसतो तो गाडी बंद असते तेवढ्या वेळातच. त्या वेळात तुम्ही गाडी दुरुस्तच केली पाहिजे असं काही नाही. पण करंट (ठिणगीसाठी लागणारी वीज) गेला होता की पेट्रोल, एवढं एक उत्तर घेऊन गॅरेजात गेलात, तर आज प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो तो), उद्या कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती), परवा पंप असा अंदाजाने पार्ट बदलण्याचा खर्च वाचतो. म्हणून गाडी थंड होईपर्यंत नुसतं बसू नका आणि बॅटरी उतरेपर्यंत सेल्फही मारू नका. खाली जे सांगतो आहे ते मुख्यतः पेट्रोल गाडीचं. डिझेलचं वेगळं आहे, ते पुढे.

आधी गाडी रस्त्यातून काढा

गती आहे तोवर गाडी डावीकडे घ्या. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. पहिले दोन-तीन ब्रेक बरे लागतात, नंतर पेडल जड होतं. त्यामुळे पुन्हापुन्हा पंप न करता एकदाच दाबून थांबा. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका. पावसाळ्यात साईडपट्टीवर उतरताना जपून. काळ्या मातीत चाक गेलं की बंद गाडी ढकलणं चार माणसांनाही जमत नाही.

हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल ठेवा, चाकाला दगड लावा. मागे त्रिकोण ठेवा, नसेल तर बऱ्याच अंतरावर झाडाची मोठी फांदी. चिखलदऱ्यासारख्या घाटात वळणाच्या अलीकडेही एक फांदी हवी. पोरं-म्हातारी माणसं गाडीतून उतरवून सावलीत बसवा. मे महिन्यात सोबतचं पाणी आधी माणसांना, उरलं तर गाडीला.

बोनेट उघडण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि मदतीला आलेल्या मंडळींतल्या कुणाच्या हातात बिडी असेल, तर त्यांना हात जोडून दूर उभं करा.

गाडी कशी बंद पडली ते आठवा

याचं उत्तर बहुतेक वेळा निम्मा दोष सांगून जातं, आणि हे पाहायला पानाही लागत नाही.

चावी फिरवल्यासारखी एका झटक्यात बंद झाली? मग संशय करंटवर: कॉइल, पॉइंट किंवा पिकअप (कॉइलचा करंट वेळेवर तोडवणारे भाग), सुटलेली वायर, रिले (विजेने चालणारा स्विच). नाहीतर टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा. आधी आचके दिले, चढावर ओढेना झाली, पॅडल दाबलं की गुदमरायची, सोडलं की जरा बरी वाटायची आणि मग गेली? तर पेट्रोल कमी पडत होतं. हेडलाइट मंद होत गेले, हॉर्न बसला, मीटरमध्ये बॅटरीचा लाल दिवा लागलेला होता? तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) बॅटरी चार्ज करत नव्हता आणि गाडी नुसत्या बॅटरीवर चालत होती. आधी अल्टरनेटरचा पट्टा तुटलाय का पाहा.

चौथा प्रकार गरम होण्याचा. तापमानाचा काटा वर, वाफेचा वास, पॉवर कमी. इथे पुढचं काहीही तपासू नका, सेल्फही मारू नका. किमान पाऊण तास थांबा, हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर फडक्याने धरून झाकण हळू उघडा आणि पाणी थोडं थोडं टाका. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. ऑइलचा लाल दिवा लागून बंद पडली असेल तर आधी ऑइल मोजायची काडी काढून ऑइल पाहा. ऑइल नसेल तर इंजिन अजिबात फिरवायचं नाही.

सेल्फ फिरतच नसेल तर

यात फार वेळ घालवू नका. हेडलाइट लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवे एकदम मालवल्यासारखे झाले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि नुसतं एक 'टक' आलं तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणारा स्विच). 'टक'ही नाही, तर चावीचा स्विच किंवा सेल्फची बारीक वायर.

टर्मिनल हाताने फिरवून पाहा. हाताने हललं म्हणजे ते सैल आहे, मग वरून कितीही चकचकीत दिसो. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टीही पाहा. जुन्या गाडीत ती हमखास गंजलेली असते आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मल्टिमीटर असेल तर बंद गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ यायला हवेत.

जम्प देण्यासाठी शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर चालतो, कारण आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरची बॅटरी बहुतेक १२ व्होल्टची असते. तरी लेबल पाहून घ्या. ट्रक किंवा एसटीची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिथून कधीही घेऊ नका. लाल वायर प्लसला प्लस. काळी वायर तिकडे मायनसला आणि तुमच्या गाडीत बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला.

धक्का मारून चालू करायची तर चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून गती घ्या आणि क्लच झटकन सोडा. पण बॅटरी उतरली असेल तरच धक्क्याचा उपयोग. सेल्फ जोमाने फिरत असताना गाडी उचलत नसेल, तर चार जणांचा घाम फुकट जातो. ऑटोमॅटिक गाडीला धक्का नको.

सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही

मुख्य काम इथून पुढे. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मग अर्धा मिनिट थांबा.

पहिली गोष्ट, पेट्रोल आहे का? हसू नका. जुन्या गाडीच्या काट्यावर भरवसा ठेवणं म्हणजे पंचांग पाहून पेरणी करणं. गाडी मागून हलवा आणि टाकीत डुचमळल्याचा आवाज येतो का ऐका. गॅस किट असेल तर स्विच कशावर आहे पाहा. गॅस संपलाय आणि स्विच गॅसवरच आहे, हे फार वेळा होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सेल्फचा आवाज. नेहमी इंजिन 'घर्र-घर्र' करत चढ-उतार घेत फिरतं, कारण प्रत्येक पिस्टन दाब घेत असतो. तो चढ-उतार जाऊन एकसारखा, हलका आणि जास्त वेगाचा 'घुर्रर्र' येत असेल तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी. जुन्या मारुती ८०० मध्ये याची खात्री सहज होते. तिथे डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा) कॅमशाफ्टवर, म्हणजे टायमिंग बेल्टने फिरणाऱ्या दांड्यावर चालतो. त्याची टोपी क्लिपा काढून बाजूला करा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला लावून आतला रोटर (फिरणारा तुकडा) बघा. इंजिन फिरतंय पण रोटर जागचा हलत नाही, तर बेल्ट गेला. लगेच थांबा. धक्का नाही, सेल्फ नाही, सरळ टोचन. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर फिरवत राहिलं तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी पट वाढतो.

रोटर फिरतोय? मग करंट बघू.

करंट बघण्याची रीत

डिकीत एक जुना पण चालणारा प्लग ठेवत जा. इंजिनावरच्या एका प्लगची वायर काढा. काढताना वायर ओढायची नाही, रबरी टोपी धरून हलवत काढायची. त्या टोपीत सोबतचा प्लग बसवा. प्लगची आट्यांची बाजू इंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडाला घट्ट टेकलेली हवी. ती टेकवायला रबरी मुठीची पक्कड वापरा, हातात धरू नका. हाय टेन्शनचा झटका माणसाला मागे फेकतो. जागा कार्बोरेटरपासून (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) लांबची निवडा. पेट्रोलचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत हे करायचंच नाही.

आता दुसऱ्याला दोन सेकंद सेल्फ मारायला सांगा. दुपारच्या उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून दुपट्ट्याची सावली करा. निळी, जाड ठिणगी आणि प्रत्येक वेळी 'चट्' असा कानाला ऐकू येणारा आवाज, म्हणजे करंट चांगला. पिवळसर-तांबडी, केसासारखी बारीक ठिणगी म्हणजे कमजोर करंट. ती मोकळ्या हवेत दिसेल, पण सिलिंडरच्या आतल्या दाबाखाली उडणार नाही. काहीच नाही, तर उत्तर मिळालं.

करंट नसेल आणि गाडीला डिस्ट्रिब्युटर असेल तर एक पायरी मागे जा. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या मधोमध येणारी वायर काढा आणि तीच तपासणी तिच्यावर करा. इथे चांगली ठिणगी मिळाली तर कॉइल ठीक, दोष टोपीत किंवा रोटरमध्ये. टोपीच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा आहे, करंट तिथून पळतो. मधला कार्बनचा दाणा झिजलाय का, रोटरचं टोक जळालंय का पाहा. फडक्याने कोरडं पुसून, पितळी टोकं हलकी घासून बऱ्याचदा घरापर्यंत काम भागतं.

कॉइलमधूनच करंट नाही? मग टेस्ट लॅम्प काढा. म्हणजे १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी. एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या प्लसला, चावी ऑन. बल्ब लागला नाही तर कॉइलपर्यंत पुरवठाच नाही. फ्यूज, चावीचा स्विच, मधलं कनेक्शन बघा. लागला तर दुसरी वायर कॉइलच्या मायनसवर ठेवून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला पाहिजे. नुसता लागून राहिला किंवा लागलाच नाही, तर पॉइंट किंवा इलेक्ट्रॉनिक असेल तर पिकअप-मॉड्यूल काम करत नाही. जुन्या पॉइंटच्या गाडीत पॉइंट जळून खड्डा पडलेला दिसतो. पॉलिश पेपरने घासून फटी ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवा. घासूनही चार दिवसांत पुन्हा जळाला तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) बदला.

करंट आहे, तर पेट्रोल

साधारण २००० सालाआधीच्या मारुती ८०० ला कार्बोरेटर असायचा, नंतर इंजेक्शन (पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा) आलं. डिकीवर 'एमपीएफआय' लिहिलेलं असेल किंवा मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा असेल तर तुमची गाडी इंजेक्शनची, तिच्यासाठी पुढचा भाग वाचा. इथे कार्बोरेटरचं.

एअर फिल्टरचं झाकण काढा आणि इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात पाहा. हाताने अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर एकदा पूर्ण ओढा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. उडाली नाही तर वाटी कोरडी.

वाटी कोरडी असेल तर कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी उडणार नाही, आणि सेल्फ मारा. पंप ठीक असेल तर पेट्रोल झटक्या-झटक्याने बाटलीत येतं. बाटली भरते आणि वाटी मात्र रिकामी, तर वाटीत पेट्रोल सोडणारी कार्बोरेटरची सुई अडकली किंवा कचरा बसला. पेट्रोल येतच नाही, तर मागे मागे जा: छोटा फिल्टर, रबरी पाइप, पंप, टाकी. रबरी पाइपला पेट्रोल गळेल एवढा तडा असायलाच हवा असं नाही. बारीक तड्यातून पंप नुसती हवा ओढतो आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. पाइप वाकवून पाहिला की तडा उघडतो. आता पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने हे जुने रबर लवकर खराब होतात, त्यामुळे वीस वर्षांचे पाइप असतील तर न विचारता बदलून टाका. फार पैसे लागत नाहीत.

पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर इंजिन चालवू नका.

टाकीचं झाकणही विसरू नका. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांची ओम्नी परतवाड्याहून धारणीकडे जाताना ठरावीक अंतरावर आचके देऊन बंद पडायची, थोडं थांबलं की चालू. प्लग झाले, कॉइल झाली, कार्बोरेटर दोनदा खोलून झाला. शेवटी एका रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बंद गाडीचं टाकीचं झाकण उघडलं, तर 'फुस्स' करून हवा आत गेली. मूळ झाकण हरवल्यावर बाजारातून घेतलेल्या झाकणाला हवा आत घेण्याची सोयच नव्हती. पेट्रोल संपत जाई तसा टाकीत व्हॅक्यूम व्हायचा आणि पंपाला ओढेना. म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडून कान द्या. 'फुस्स' जोरात आलं आणि लगेच गाडी उचलली, तर निदान झालं.

एक इशारा. उघड्या कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. बॅकफायर झाला की तिथूनच ज्वाळ बाहेर येते. ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखाली असतं. करू नका.

उन्हातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या खोड्या

आपल्याकडे अकोला, नागपूर, चंद्रपूरला मेमध्ये ४५ अंश ही काही बातमी नाही, आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. तेव्हा दोन वेगळे दोष अगदी एकसारखे वागतात. दोन्हींत गाडी तापल्यावर बंद पडते, दोन्हींत थंड झाल्यावर आपोआप चालू होते. एक म्हणजे पेट्रोलच्या पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ होणं. पंप वाफ ढकलू शकत नाही आणि वाटी रिकामी होते. दुसरा म्हणजे कॉइल, पिकअप किंवा मॉड्यूल गरम झाल्यावर आतून तुटणं आणि थंड झाल्यावर जुळणं.

वर सांगितलेल्या ठिणगी आणि पिचकारीच्या तपासण्या गाडी गरम असतानाच करायला का सांगितल्या, ते आता लक्षात येईल. ठिणगी निळी, पिचकारी नाही: वाफ. पिचकारी जोरात, ठिणगी नाही: कॉइल किंवा पिकअप. थंड गाडीत दोन्ही गोष्टी ठीकच दिसणार.

वाफ असेल तर बोनेट उघडं ठेवा, पंपावर आणि पाइपावर ओलं फडकं गुंडाळा, दर दोन मिनिटांनी पुन्हा ओलं करा. पाणी डिस्ट्रिब्युटरवर किंवा लाल झालेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत पेट्रोल परत येतं. कायमचा उपाय म्हणजे पाइप सायलेन्सरपासून दूर बांधणं, पंपाखालचं जाड गॅस्केट जाग्यावर आहे का ते पाहणं आणि पंखा वेळेवर लागतोय ना याची खात्री करणं. पाइपाला कपड्याचे चिमटे लावण्याचा उपाय गावोगाव सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही, पण लावल्याने नुकसानही नाही.

कॉइलचा संशय असेल तर तिच्यावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटांत ठिणगी परत येते का पाहा. फडकं पिळून घ्या, आणि टर्मिनलांवर पाणी नको. ठिणगी आली तर कॉइल बदला, वाट पाहू नका.

याच्या उलटही एक त्रास आहे. गाडी मस्त चालत येते, तुम्ही टपरीवर चहाला थांबता, दहा मिनिटांनी सेल्फ मारता तर घेतच नाही आणि पेट्रोलचा वास येतो. बंद इंजिनाच्या उष्णतेने कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, चोक (थंड गाडी चालू करताना ओढतो ती मूठ) ओढू नका आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काळा धूर टाकून गाडी उचलते.

इंजेक्शनची गाडी

इथे पेट्रोल पंप टाकीत असतो आणि पाइपात मोठा दाब असतो, त्यामुळे पाइप काढून पाहण्याच्या फंदात पडू नका. कानाने काम भागतं. रेडिओ, पंखा बंद करा, मागच्या सीटवर कान द्या आणि दुसऱ्याला चावी ऑन करू द्या, सेल्फ न मारता. दोन-तीन सेकंद बारीक 'घूंऽऽ' ऐकू आलं पाहिजे. नाही आलं तर फ्यूज पाहा, मग पंपाचा रिले. त्याच नंबरचा रिले हॉर्नला असेल तर अदलाबदल करून बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका, वायरिंग जळतं. रिले, फ्यूज ठीक आणि पंप गप्प, तर टाकीच्या बुडाला मुठीने दोन-तीन ठोसे द्या. अडकलेली मोटर कधी कधी सुटते. सुटली तर कुठेही न थांबता घर गाठा आणि पंप बदला. हा पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. उन्हाळ्यात कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचे पंप लवकर का जातात, त्याचं कारण हेच.

चावी ऑन केल्यावर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागतो का? लागलाच नाही तर कंट्रोल युनिटला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) पुरवठा नाही, मेन रिले किंवा फ्यूज बघा. चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरा, किल्ल्यांच्या जुडग्यातून ती वेगळी करून बघा. पंप वाजतो, दिवे ठीक, तरी गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे युनिटला कळवणारा) संशय घ्या. फोर्डच्या जुन्या गाड्यांत जोराचा दणका बसला की पेट्रोल तोडणारा एक स्विच असतो. आपल्या रस्त्यांवर तो खड्ड्यानेही उडतो. त्याचं बटण दाबलं की झालं.

या गाड्यांत प्लगची वायर हवेत मोकळी सोडून सेल्फ मारू नका. कॉइल किंवा युनिट जाऊ शकतं. ठिणगी पाहायची तर वायरीत प्लग असलाच पाहिजे.

पाऊस, उंदीर आणि बाटलीतलं पेट्रोल

नाल्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून-बाहेरून, प्लगच्या वायरी आणि कॉइलचं तोंड कोरड्या फडक्याने पुसा. पाणी बोनेटपर्यंत आलं असेल तर सेल्फ मारण्याआधी एअर फिल्टर उघडा. आत पाणी असेल तर सेल्फ नाही, कारण सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

कोठ्यात किंवा कापसाच्या गंजीजवळ उभ्या असलेल्या गाडीत उंदरांचं काम आधी पाहा. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस आणि सोयाबीनची टरफलं भरलेली सापडतात, वायरी कुरतडलेल्या असतात. लग्नसराईलाच निघणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून चिकट होतं आणि कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) बंद होतात. गावात बाटलीतून मिळणारं पेट्रोल किती शुद्ध ते विकणाऱ्यालाच माहीत. नाइलाज असेल तर पारदर्शक बाटलीत पाच मिनिटं ठेवून तळाला पाणी किंवा गाळ बसतो का बघा, फडक्यातून गाळून मगच टाका.

डिझेल असेल तर

इंडिका, सुमो, बोलेरो, मार्शल. यांना ठिणगीची भानगडच नाही. डिझेल आणि हवा मिळाली की इंजिन चाललं पाहिजे. टाकी कोरडी पडल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर बंद पडली तर गाडीने एअर घेतली. फिल्टरवरचा ब्लीडचा (हवा काढायचा) स्क्रू सैल करा, हातपंप दाबत राहा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळा. पावसाळ्यात फिल्टरच्या बुडाचा नळ उघडून पाणी काढून टाका. जुन्या पंपावर डिझेल चालू-बंद करणारा एक स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की त्याचा 'टक' यायला हवा, नाही आला तर त्याची वायर सुटलीय का पाहा. नॉझलचे नट सैल करून एअर काढण्याची पद्धत जुन्या पंपाच्या गाड्यांपुरतीच, तीही हात दूर ठेवून, कारण दाबाखालचं डिझेल कातडीतून आत शिरतं. नव्या डिझेल गाड्यांतल्या कॉमन रेल इंजिनाला हे कधीही करायचं नाही.

डिकीत काय असावं

चालू प्लग, टेस्ट लॅम्प, १०-१५-२० अँपिअरचे फ्यूज, फूटभर पेट्रोलचा पाइप आणि दोन क्लिपा, इनलाइन फिल्टर, पाने, पक्कड, पेचकस, पॉलिश पेपर, कोरडं फडकं, जम्पर केबल, टॉर्च, दोन बाटल्या पाणी आणि मजबूत दोर. डिस्ट्रिब्युटरची गाडी असेल तर एक रोटर आणि कंडेन्सर. मेळघाट किंवा गडचिरोलीकडे जात असाल तर फोनला रेंज असेल असं धरून चालू नका. निघतानाच घरी रस्ता सांगून ठेवा. रेंज असेल आणि खरंच अडचण असेल तर ११२ आहेच.

टोचन आणि मिस्त्री

काहीच जमलं नाही तर ट्रॅक्टर बोलवा. दोर बंपरला नाही, खालच्या हुकालाच बांधायचा. दोन गाड्यांत चार-पाच मीटर अंतर ठेवा आणि मधोमध लाल फडकं बांधा. चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक जड लागेल म्हणून स्टिअरिंगवर सवयीचा माणूस बसवा. ट्रॅक्टरवाल्याला वीसच्या वर जायचं नाही हे आधीच सांगा, आणि थांबायचं असेल तेव्हा हात दाखवायला लावा, कारण कित्येक ट्रॉल्यांचे ब्रेकलाइट लागतच नाहीत.

गॅरेजात पोचल्यावर "बंद पडते" एवढंच सांगू नका. किती किलोमीटर चालल्यावर, झटक्यात की आचके देऊन, गरम असताना ठिणगी कशी होती, पिचकारी होती का, झाकण उघडल्यावर हवा ओढली का, किती वेळाने परत चालू झाली, हे फोनमध्ये लिहून ठेवलेलं दाखवा. तुमच्या फोनवर ठिणगीचा दहा सेकंदांचा व्हिडिओ असेल तर फारच चांगलं. आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या. चालता निघाला तर तोच पुढच्या वेळी डिकीत कामी येतो.